तीस अंश, जमिनीपासून

“बाबांना माझं चढणं नकोच होतं. तोंडानं नाही म्हणवेना, म्हणून त्यांनी घरात अशी फळी बसवली की माकडानंसुद्धा हात जोडावेत. गणिताचे मास्तर ते! तीस अंश त्यांचे चुकतील? मुद्दाम केलं. मग काय, गेले मी मुकाट कॉम्प्युटर क्लासला.”

हे निवेदन माझ्या मुलीचे आहे. ते तिने गेल्या हिवाळ्यात, माझ्या मेव्हण्याच्या नातवाच्या मुंजीत, हिमायतनगरच्या एका फंक्शन हॉलमध्ये, हातात जर्दाळूच्या गोडाची, म्हणजे खुबानीच्या मिठ्याची, वाटी धरून, भरल्या पंगतीसमोर केले. सगळे हसले. मीही हसलो, कारण सगळे हसत असताना एकटा गंभीर बसलेला मनुष्य आरोपी दिसतो, हे मी परीक्षेच्या दालनांत फेऱ्या मारताना शिकलो आहे. मुलगीही हसत होती. फक्त शेवटचे वाक्य बोलताना ती माझ्याकडे न पाहता वाटीकडे पाहत होती, आणि वाटी तर केव्हाच रिकामी झाली होती.

माझा मेव्हणा निवृत्त इंजिनिअर आहे. त्याने ताबडतोब माझी बाजू घेतली, आणि त्याने माझी बाजू घेतली की मला धडकी भरते.

“अगं, मुद्दाम कशाला करतील दाजी? त्यांना साइन-कोसाइनच कळलं नाही. आठ फुटांची फळी, तिचं निम्मं चार फूट. ते चार फूट पुढे यायला पाहिजेत, यांनी वर नेले. साधा घोटाळा!”

“साधा घोटाळा काय असतो ते तू आखलेल्या तुझ्या घराच्या जिन्यावरून दर खेपेला चढताना कळतं आम्हाला,” मी म्हणालो.

“जिन्याचं सोडा. तुम्हाला सपाट रस्त्यावर स्कूटर सांभाळता आली नाही, दाजी.”

पुन्हा हशा. स्कूटरचा हा विषय आमच्या घरात अमर आहे. त्याकडे मी योग्य वेळी वळेन.

तर माझी अवस्था अशी झाली. मुलीच्या मते मी लबाड, मेव्हण्याच्या मते मी मूर्ख. यांपैकी एका आरोपातून सुटायचे तर दुसरा मान्य करावा लागतो. पंगतीतल्या बहुतेकांनी मला मूर्ख ठरवून प्रेमाने सोडून दिले. मला हा निकाल मान्य नाही, आणि मुलीचाही मान्य नाही. मी दोन्ही खोडून काढणार आहे. मुलगी मराठी अडखळत वाचते. तिची आई हे तिला वाचून दाखवील, अशी आशा आहे.

ज्या काळाची ही हकिकत आहे, त्या काळात शहराला अचानक घाई झाली होती. गल्लीच्या प्रत्येक कोपऱ्यावर एसटीडीची पिवळी पाटी लागली होती, गच्च्यांवर केबलच्या तारांचे जाळे पसरले होते, आणि हिमायतनगरातल्या प्रत्येक दुसऱ्या जिन्याच्या तोंडाशी कॉम्प्युटर शिकवण्याचा क्लास उघडला होता. बरकतपुऱ्यातल्या आमच्या शेजारच्या तिन्ही घरांतली मुले तिथे जात. माझी मुलगी मात्र कॉलेज सुटले की शहराच्या पश्चिमेला, माळावरच्या खडकांवर जाई. आमच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या वकील, मास्तर आणि सरकारी नोकर झाले. हातापायांनी वर चढणारे कोणी आमच्यात होऊन गेल्याचे ऐकिवात नाही.

एकदा तिने मला ते खडक दाखवायला नेले. म्हणजे नेले मीच, माझ्या स्कूटरवर, आणि अत्यंत सुरक्षितपणे नेले, हे मेव्हण्याने ध्यानात घ्यावे. हत्तींचे कळप एकमेकांवर रचून ठेवावेत तसे ते दगड. त्यांतल्या एकाचे पोट पुढे आलेले होते. माझी मुलगी त्या पोटाखाली शिरली आणि वटवाघळासारखी, पाठ जमिनीकडे करून, लोंबकळत पुढे सरकू लागली.

“उतर खाली!”

“बाबा, आत्ता तर चढले.”

“चढलीस कुठे? टांगली आहेस!”

“हौ, त्यालाच चढणं म्हणतात,” ती उलटी राहूनच म्हणाली.

मला भीती वाटली आणि अभिमानही वाटला. परंतु मी फक्त भीतीच बोलून दाखवली. आमच्या पिढीतल्या बापांची तशीच रीत होती. ते दृश्य वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढे जे झाले त्यात त्या वटवाघळाचा मोठा वाटा आहे.

काही महिन्यांनी एका रविवारी ती चेहरा पाडून घरी आली.

“बाबा, आमचा दगड गेला.”

“दगड कुठे जाईल?”

“सुरुंग लावला. तिथं प्लॉट पडणार आहेत.”

मी हसलो. एवढा मोठा दगड जाऊ शकतो ही कल्पनाच मला विनोदी वाटली. ती हसली नाही. हिमालयातल्या एका गिर्यारोहण संस्थेच्या अभ्यासक्रमासाठी तिला निवड-चाचणी द्यायची होती, आणि सरावाची जागाच नाहीशी झाली होती. परदेशात लोक घरातच एक कललेली फळी बसवतात, तिच्यावर लाकडी ठोकळे ठोकतात आणि त्यांना धरून सराव करतात, असे तिने कुठल्याशा मासिकात पाहिले होते. तशी फळी तिला हवी होती.

मी करार केला. फळी मी बसवून देईन. निवड झाली तर खुशाल हिमालयात जा. नाही झाली, तर हिमायतनगर.

“कबूल,” ती म्हणाली. “पण फळी नीट पाहिजे, बाबा. आठ फूट लांब. खाली भिंतीला थोडी जागा सोडा, पाय टेकायला. आणि तीस अंश.”

“गणित मला शिकवतेस?”

“नाही. सांगतेय फक्त.”

दुसऱ्या दिवशी ती मैत्रिणींबरोबर शिबिराला निघून गेली. परत येईपर्यंत फळी तयार ठेवण्याचा शब्द मी दिला होता.

आता माझ्या गणिताविषयी. मी आयुष्यभर शाळेत त्रिकोणमिती शिकवली. ती फळ्यावर शिकवण्याची गोष्ट नव्हे, असे माझे ठाम मत होते. मी वर्गच्या वर्ग मैदानात नेत असे. झाडाची उंची, पाण्याच्या टाकीची उंची, नामपल्लीच्या मैदानावर दर वर्षी प्रदर्शनात उभ्या राहणाऱ्या पाळण्याची उंची, सगळे आम्ही जमिनीवर उभे राहून, मान वर करून, कोन मोजून काढत असू. शेजाऱ्यांच्या नारळाची उंची मी त्यांना न विचारता काढली आणि तो वादळात आमच्याच न्हाणीघरावर पडेल हे त्यांना सिद्ध करून दाखवले. ते माझ्याशी वर्षभर बोलत नव्हते. नारळ अजून उभा आहे. कोन जमिनीपासून वर उगवतो, गव्हाच्या कोंबासारखा. हे वाक्य मी इतक्या मुलांकडून घोकून घेतले आहे की शहरातले निम्मे चार्टर्ड अकाउंटंट ते झोपेत म्हणत असतील. त्यामुळे माझ्यापुढे कोणी तीस अंश म्हटले, की तो कोन कोठून मोजायचा हा प्रश्नच उद्भवत नाही. पुरोहिताने होम करताना अग्नी कोणत्या दिशेने पेटतो हे विचारावे, तसा तो प्रश्न आहे.

शिवाय तीस अंश हा कोन मला प्रिय. त्याचा साइन बरोबर निम्मा. आठाचे निम्मे चार. खालची कड जमिनीपासून तीन फुटांवर भिंतीला टेकवली, तर वरची कड सात फुटांवर. उत्तर इतके स्वच्छ आले की मी मनातल्या मनात स्वतःला पैकीच्या पैकी गुण दिले. वरची कड भिंतीपासून किती पुढे यावी, यासाठी तिनाचे वर्गमूळ लागत होते. ते मी कागदाला हात न लावता काढले, आणि सुताराला सांगितले, “सहा पूर्णांक त्र्याण्णव शतांश.”

सुतार मलकपेठेचा, दख्खनी बोलणारा, कामाचा उत्साही. त्याने टेपकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले.

“साब, सात फुट से एक उंगली कम बोलूँ तो चलता?”

“चलता.”

“और ये कायकू बना रहे? सामान रखने?”

“नक्को, नक्को. इसके नीचे से लटकना है.”

“कौन लटकेंगे?”

“हमारी बेटी.”

त्याने कानाला हात लावला. “अल्ला रहम करे. साब, मेरी मानो, ऊपर एक छोटी रेलिंग डालता मैं. पेट्याँ-बिट्याँ गिरते नहीं.”

तो अखेरपर्यंत हा माळाच आहे असे समजून काम करीत राहिला, आणि मी अखेरपर्यंत त्याच्या अज्ञानाकडे उदारपणे दुर्लक्ष करीत राहिलो. मागच्या खोलीचे छत गर्डर आणि शहाबादी फरशीचे. गर्डरपासून लोखंडी पट्ट्या सोडून त्याने फळीची पुढची कड टांगली. तिच्या पोटाला मी स्वतः ठोकळे बसवले. फळीने जवळजवळ सगळी खोली व्यापली. कपाट तिच्याखाली गेले.

माझी पत्नी दारात उभी राहिली. “अहो, हे काय?”

“त्रिकोण.”

“ते दिसतंय. कपाटातनं साडी काढायची तर मी काय रांगत जाऊ?”

“वाकून जा. कर्णाखाली कोणालाही वाकावंच लागतं.”

“पोरगी यावर कशी चढणार?”

मी तिला त्या खडकाच्या पोटाविषयी सांगितले, वटवाघळाविषयी सांगितले. मी प्रत्यक्ष पाहिले होते. खडक असाच होता, जवळजवळ आडवा. ही फळी पाहून मला काही चुकल्यासारखे वाटायला हवे होते, असे जे आज म्हणतात, त्यांनी हे ध्यानात घ्यावे की फळी अगदी मी पाहिलेल्या दगडासारखी दिसत होती. पत्नी “तुमचं तुम्हाला ठाऊक” म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी भावाकडे हिमायतनगरला गेली. सगळ्या साड्या घेऊन गेली.

याच सुमारास माझा डावा हात मनगटापाशी मोडला. काचीगुड्याच्या चौकात मी स्कूटरवरून घसरलो, हे आमच्या घरात सर्वमान्य आहे. मेव्हणा भेटायला आला, तो आधी अंगणात जाऊन स्कूटर पाहून आला. “कमाल आहे दाजींची. स्कूटरला ओरखडासुद्धा नाही. ती उभीच राहिली आणि हे एकटेच पडले.” तेव्हापासून प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात, मला कोणीतरी घरी सोडायला येते. “नको, नको, तुम्ही स्कूटर काढू नका.” मी ते मुकाट्याने सोसले. मी काहीही मुकाट्याने सोसत नाही, हे मला ओळखणाऱ्यांना माहीत आहे. तरी कोणालाही त्यात काही विशेष वाटले नाही. आमच्या कुटुंबात पुराव्याची परंपरा क्षीण आहे.

मुलगी शिबिराहून परत आली, ती मला प्लास्टरमध्ये पाहून घाबरली. “बाबा, काय केलंत?” मी काचीगुड्याचे सांगितले. मग तिला अभिमानाने मागच्या खोलीत नेले.

फळीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत तिची नजर गेली. नंतर तिने खाली गादी ओढली, ठोकळे धरले, पाय वर घेतले. दोन ठोकळे पुढे गेली. पाय सुटले. पुन्हा धरले, पुन्हा सुटले. गादीवर बसून तिने तळहात पाहिले आणि मग वर फळीकडे पाहिले.

“तीस अंश आहेत, बाबा?”

“मोजून पाहा! अर्ध्या अंशाचाही फरक निघायचा नाही.”

तिने मोजले नाही. “छान केलंय,” म्हणाली, आणि बाहेर गेली.

मी हे वाक्य स्तुती म्हणून स्वीकारले. इतकी वर्षे मी ते स्तुती म्हणूनच जपून ठेवले होते. सराव ती कधीतरी करी, थोडाच वेळ. मला वाटले, हिचा उत्साहच ओसरला. मी मास्तर, मेहनत कमी पडते हे निदान आमच्या जिभेवरच असते, आणि ते मी तिला एक-दोनदा ऐकवलेही. चाचणीत तिची निवड झाली नाही. तिने वाद घातला नाही. करार पाळला. हिमायतनगरच्या जिन्याने ती वर गेली, आणि पुढे त्या विद्येत पुष्कळ वर गेली. आज तिचे ऑफिस शहराच्या पश्चिमेला आहे, जिथे पूर्वी दगड होते त्या बाजूला, काचेच्या इमारतीत. फळी मागच्या खोलीत अजून आहे. तिच्यावर गाद्या, जुन्या पेट्या आणि एक बंद पडलेला कुलर आहे. पेट्या घसरतात. रेलिंग लावून घ्यायला हवी होती.

मुंजीनंतर मुलगीच मला घरी सोडायला आली. नारायणगुड्याच्या सिग्नलला गाडी थांबली, तेव्हा मी सहज विचारल्यासारखे विचारले, “तुमच्यात अंश कोठून मोजतात?”

“म्हणजे?”

“ते तीस अंश. कोठून?”

“भिंतीपासून, बाबा. उभ्या रेषेपासून. सगळे तसंच मोजतात.”

“सगळे म्हणजे कोण?”

“जे चढतात ते.”

मी गणित केले. मला वेळ लागला नाही. सिग्नल हिरवा होण्याच्या आत ते झाले. तिला हवी होती ती फळी भिंतीपासून चार फूटच पुढे यायला हवी होती. मी तिला भिंतीऐवजी छत दिले होते. ज्या फळीवर ती रोज तासभर झुंजली असती, तिच्या जागी मी अशी फळी टांगली होती की जिच्यावर त्या वयात क्वचितच कोणी टिकले असते. आणि त्यावर मी तिला मेहनतीचे महत्त्व सांगितले होते.

ती वळून माझ्याकडे पाहत होती. “बाबा, तुम्हाला माहीत नव्हतं का हे?”

एवढाच प्रश्न होता. त्याचे उत्तर दोन अक्षरांचे होते. मी तोंड उघडले.

“माहीत नसायला काय झालं? तुला त्रिकोणमिती कोणी शिकवली?”

हे मी बोललो नाही. माझ्या आतला मास्तर बोलला. तो निवृत्त झाला आहे हे त्याला कोणी सांगितलेले नाही. मागच्या गाडीने हॉर्न दिला.

“तेच तर म्हणतेय मी,” ती म्हणाली, आणि गाडी चालू केली.

तेव्हापासून हा खटला माझ्या डोक्यात चालू आहे. मुलीचा सगळा पुरावा एका गृहीतकावर उभा आहे: माझ्या बापाचे तीस अंश चुकणार नाहीत. ही समजूत तिच्या मनात मीच भरली, तिसरीपासून, पाढ्यांबरोबर. तिने इतर कोणाच्या बापाची फळी पाहिली असती, तर दोन मिनिटांत म्हणाली असती, काका, कोन चुकलाय. माझी पाहिली, आणि तिला वाटले, एवढे अचूक गणित करणारा मनुष्य एवढी वाकडी फळी टांगतो, तर त्याच्या मनातच काहीतरी असणार. माझ्या कीर्तीनेच माझ्याविरुद्ध साक्ष दिली.

मेव्हण्याला माझे उत्तर असे की साइन साइनच्या जागी होता, कोसाइन कोसाइनच्या जागी होता. अंकगणित निर्दोष होते, वर्गमूळ तोंडी काढले होते. फक्त ज्या रेषेपासून मी मोजायला सुरुवात केली, तिच्यावर मी उभा होतो, आणि जिच्यापासून मोजायला हवे होते तिला मुलगी लटकत होती. याला घोटाळा म्हणत नाहीत. याला दृष्टिकोन म्हणतात. मेव्हण्याला हे पटणार नाही. त्याचा जिना पाहता ते अपेक्षितच आहे.

मुलीला मात्र तर्काने उत्तर देता येत नाही. तिने कॉम्प्युटरचे शिक्षण घेतले आहे. ती तर्कात मला हरवील. तिला पुरावा द्यावा लागेल, आणि तो इतकी वर्षे मी ज्या हट्टाने लपवला, त्याच हट्टाने आज उघड करतो आहे. चौकात लोळण घेतलेला मास्तर एकवेळ चालतो. घरात उलटा लटकून पडलेला मास्तर दुसऱ्या दिवशी वर्गात कसा उभा राहील, असे तेव्हा वाटले होते.

पत्नी भावाकडे गेली होती. मुलगी दुसऱ्या दिवशी यायची होती. भर दुपार होती. मी दाराला कडी लावली, चष्मा काढून कपाटावर ठेवला, गादी अंथरली. ज्या बाजूला पडेन असा हिशेब केला होता, त्या बाजूला अंथरली. ठोकळे घट्ट आहेत की नाहीत, वजन सोसतात की नाहीत, हे पोरीने लटकण्याआधी कोणीतरी पाहायला हवे होते. पाहिले. ठोकळे घट्ट होते. त्यानंतर टॉवेलात हात गुंडाळून रिक्षा शोधत जाताना मला कोनाची शंका एकदाही आली नाही. फक्त स्वतःच्या वयाची आली. जो सापळा लावतो, तो त्यात आधी स्वतः शिरून पाहत नाही. काचीगुड्याच्या चौकात मी आयुष्यात कधीही घसरलेलो नाही.

त्या फळीवर पहिला चढलो तो मी, आणि तिच्यावरून पहिला पडलो तोही मीच.